वार्धक्यातील स्मृतिभ्रंश आणि वनौषधींची कसोटी : गिंको अर्काच्या चाचण्यांचा इतिहास (१९९७-२०१२)

प्रस्तावना :
वयोमानानुसार येणारा विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश यांत मूलभूत भेद आहे. स्मृतिभ्रंशात व्यक्तीचे दैनंदिन व्यवहारच विस्कळीत होतात. हा विकार समूळ बरा करणारे औषध उपलब्ध नसल्याने वृद्ध व त्यांचे कुटुंबीय वनौषधींकडे आशेने पाहतात. ही आशा शास्त्रीय कसोटीवर कशी तपासली गेली, याचे ठळक उदाहरण म्हणजे गिंको बायलोबा या वृक्षाच्या पानांचा अर्क होय. प्रस्तुत लेखात या अर्काच्या चार प्रमुख चाचण्यांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
गिंको हा मूळचा चीनमधील वृक्ष. जर्मनीतील श्वाबे कंपनीने १९६५ मध्ये त्याच्या पानांच्या अर्काचे औषध बाजारात आणले. पुढे विकसित झालेल्या प्रमाणित अर्कात फ्लेव्होन ग्लायकोसाइडचे प्रमाण सुमारे २४ टक्के व टर्पीन लॅक्टोनचे सुमारे ६ टक्के ठरविण्यात आले. अमेरिकेत १९९४ च्या आहारपूरकविषयक कायद्यामुळे असे अर्क परिणामकारकतेचा पुरावा शासनाला आधी सादर न करता विकता येऊ लागले. परिणामी विक्री आधी आणि पुरावा नंतर, असा क्रम रूढ झाला.

चाचण्यांचा प्रवास :
१९९७ मध्ये अमेरिकेतील ५२ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात स्मृतिभ्रंशाच्या ३०९ रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण होते. आकलनक्षमतेच्या ७० गुणांच्या मापनात अर्क घेणाऱ्या गटाला सुमारे १.४ गुणांचा लाभ दिसला; मात्र चिकित्सकांच्या एकूण मूल्यमापनात फरक आढळला नाही. हा लाभ अल्प असला तरी अर्काविषयीची अपेक्षा त्यामुळे वाढली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साठीपुढील २३० निरोगी व्यक्तींना सहा आठवडे अर्क अथवा औषधी गुण नसलेली आभासी गोळी देण्यात आली. स्मरणशक्तीत लाभ दिसला नाही.

तथापि सहा आठवड्यांत स्मृती सुधारणे आणि अनेक वर्षांनी होणारा स्मृतिभ्रंश टाळणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न होत. दुसऱ्या प्रश्नासाठी २००० मध्ये अमेरिकेत शासकीय अर्थसाहाय्याने मोठी चाचणी सुरू झाली. ७५ वर्षे व त्यापुढील ३,०६९ व्यक्तींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. एका गटास दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क, तर दुसऱ्यास तशीच दिसणारी आभासी गोळी मिळाली. कोणास काय मिळते, हे सहभागींना व तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. सुमारे सहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५२३ जणांना स्मृतिभ्रंश झाला. त्यांपैकी २७७ अर्काच्या गटातील व २४६ आभासी गोळीच्या गटातील होते. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता; अर्काने प्रतिबंध होत नाही, एवढे मात्र स्पष्ट झाले.

फ्रान्समधील २,८५४ व्यक्तींच्या पाच वर्षांच्या चाचणीचा अहवाल २०१२ मध्ये आला. अल्झायमर विकार अर्काच्या गटात ६१ जणांना, तर दुसऱ्या गटात ७३ जणांना झाला. येथेही फरक अर्थपूर्ण ठरला नाही.

विवेचन :
या नकारात्मक निष्कर्षांना मर्यादा आहेत. अमेरिकी चाचणीच्या अखेरीस सुमारे ६० टक्के सहभागीच नेमून दिलेल्या गोळ्या घेत होते. शिवाय मेंदूतील बदल लक्षणांपूर्वी अनेक वर्षे सुरू होतात. त्यामुळे पंचाहत्तरीत दिलेला अर्क उशिरा पोहोचला असावा, हा आक्षेप उरतोच. परंतु शंकेला जागा असणे म्हणजे गुण सिद्ध होणे नव्हे.

भारतीय संदर्भातही हा इतिहास उद्बोधक आहे. चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. ब्राह्मी हे नाव मात्र व्यवहारात बकोपा व सेंटेला या दोन भिन्न वनस्पतींना लावले जाते. कोणती वनस्पती, कोणता अर्क व किती मात्रा, हे निश्चित केल्याविना कोणतीही चाचणी पुढील अभ्यासकास उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष :
वनौषधीची प्राचीनता हे तिच्या परीक्षणाचे कारण ठरू शकते, तिच्या गुणाचा पुरावा नव्हे. हजारो वृद्धांनी वर्षानुवर्षे दिलेल्या सहकार्यातून मिळालेले नकारात्मक उत्तर हीदेखील ज्ञानातील भरच होय. कारण त्यामुळे पुढील रुग्णाचा पैसा, वेळ आणि आशा अनाठायी खर्च होत नाहीत.