जुन्या संगणकप्रणालींना नवे घर

नव्वदच्या दशकात संगणकावर तयार केलेला मराठी मजकूर आज उघडायला गेल्यास पडद्यावर अनेकदा निरर्थक रोमन अक्षरेच दिसतात. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फाँट बनविणाऱ्या प्रत्येक कंपनीची सांकेतिक रचना वेगळी होती. मूळ फाँट आणि सॉफ्टवेअर नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. त्यातच ६४ बिट विंडोजवर डॉसच्या काळातील १६ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपातच मिळते. यावर उपाय आहे ‘इम्युलेटर’.

इम्युलेटर हे सॉफ्टवेअर जुन्या संगणकाच्या प्रोसेसर, मेमरी, डिस्क आदी भागांची हुबेहूब नक्कल करते. जुन्या प्रणालीची प्रत्येक आज्ञा ते नव्या प्रोसेसरच्या भाषेत उतरविते. ‘व्हर्च्युअल मशीन’मध्ये मात्र बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरकडेच जातात. त्यामुळे वेग वाढतो, पण जुन्या यंत्रसामग्रीची नक्कल तितकी नेमकी होत नाही.

डॉसच्या प्रोग्रॅमसाठी २००२ पासून उपलब्ध असलेले डॉसबॉक्स पुरेसे ठरते. विंडोज ९५ किंवा ९८ साठी ८६बॉक्स हा चांगला पर्याय आहे. दोन्ही मोफत आहेत. विंडोजवर मात्र आजही मायक्रोसॉफ्टचा स्वामित्वहक्क असल्याने मूळ सीडी व परवाना जपून ठेवावा. केवळ डॉस हवे असल्यास १९९४ मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेला फ्रीडॉस हा मुक्त पर्याय आहे.

सर्वप्रथम यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हच्या साह्याने जुन्या फ्लॉपींच्या ‘इमेज’ फाइल बनवून घ्याव्यात. चुंबकीय माध्यम काळानुसार खराब होते. या इमेज इम्युलेटरला फ्लॉपीप्रमाणेच जोडता येतात. विंडोज ९८ ला २००६ पासून सुरक्षाविषयक सुधारणा मिळत नसल्याने तिला इंटरनेट जोडू नये. काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टवर लावायचे ‘लॉक’ लागे. ते इम्युलेटरमध्ये सहसा चालत नाही. तरीही फाँट हाती असल्यास मजकूर वाचता येण्याची शक्यता राहते.

मजकूर दिसू लागला की तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात. ते पडताळण्यासाठी मूळ पान इम्युलेटरमध्ये समोर असणे मोलाचे ठरते. फ्लॉपी वाचता येते आहे, तोवरच हे काम उरकलेले बरे.