सत्ताधारी आघाडी जिंकते, खुर्चीवरचा माणूस बदलतो : चार निवडणुकांचा हिशेब

५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर शपथविधी झाला. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, एकनाथ शिंदे आणि अजित पवार उपमुख्यमंत्री. निकाल लागला होता २३ नोव्हेंबरला. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१. तिघांचे मिळून २३०. बहुमताला लागतात १४५. एवढं असूनही शपथ व्हायला बारा दिवस गेले.

या बारा दिवसांत आमच्या वारज्यात चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच प्रश्न फिरत होता : "एवढ्या जागा आल्यात, मग अडलंय कुठं?" काहींना यात काहीतरी अघटित घडतंय असं वाटत होतं. मला तसं वाटलं नाही. महाराष्ट्राच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या निवडणुका शेजारी शेजारी मांडून बघितल्या की हे नेहमीचंच निघतं. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट. मी कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता नाही. कुणाला चिमटे काढायला लिहीत नाहीये, कुणाची आरती करायलाही नाही.

आधी एक साधा प्रश्न. आपल्या राज्यात सत्तेत असलेली आघाडी किंवा युती विधानसभा निवडणूक जिंकून परत आली, असं किती वेळा झालं? उत्तर आहे चार वेळा. २००४, २००९, २०१९ आणि २०२४.

त्याआधी नाही. १९७८ मध्ये दोन काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा मुख्यमंत्री झाले, पण ते सरकार काही महिन्यांतच पडलं. मग शरद पवारांचं पुलोद सरकार आलं, ते फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. १९९५ ला शिवसेना ७३ आणि भाजप ६५ असं युतीचं सरकार आलं, अपक्षांच्या टेकूवर. १९९९ ला युतीने मुदतीआधी, लोकसभेबरोबरच निवडणूक घेतली आणि १२५ वर थांबली. वेगवेगळे लढलेले काँग्रेस (७५) आणि राष्ट्रवादी (५८) निकालानंतर एकत्र आले. २०१४ ला तर निवडणुकीच्या तोंडावर दोन्ही बाजूंच्या आघाड्या फुटल्या आणि चारही पक्ष एकटे लढले. त्यामुळे आघाडी म्हणून सत्तेत असताना लोकांसमोर जाऊन जिंकणं, हे चारदाच.

आता या चार विजयांची खरी गंमत बघा.

२००४. मुख्यमंत्री होते सुशीलकुमार शिंदे. जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुखांना बाजूला करून त्यांना आणलं होतं. त्यांच्या नेतृत्वाखाली निवडणूक झाली. १६ ऑक्टोबरला निकाल लागला : राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. छोट्या पक्षांच्या आणि अपक्षांच्या मदतीने सरकार येणार हे स्पष्ट होतं. पण मुख्यमंत्री कोण, यावर सोळा दिवस गेले. राष्ट्रवादीचे दोन आमदार जास्त होते, तरी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि त्या बदल्यात उपमुख्यमंत्रिपद व जास्तीची मंत्रिपदं घेतली. १ नोव्हेंबरला शपथ घेतली ती विलासरावांनी. निवडणूक जिंकून दिलेले शिंदे राज्यपाल म्हणून आंध्र प्रदेशात गेले.

२००९. मुख्यमंत्री अशोक चव्हाण. निकाल २२ ऑक्टोबरला : काँग्रेस ८२, राष्ट्रवादी ६२, बेरीज १४४. बहुमताला एक कमी. पुन्हा सोळा दिवस. खात्यांवरून रस्सीखेच. ७ नोव्हेंबरला चव्हाणांनीच शपथ घेतली. चार विजयांपैकी हा एकच, ज्यात आधीचा मुख्यमंत्री खुर्चीवर राहिला. तेही वर्षभरच. नोव्हेंबर २०१० मध्ये आदर्श प्रकरणात राजीनामा आणि दिल्लीहून पृथ्वीराज चव्हाण.

२०१९. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. भाजप १०५, शिवसेना ५६, युतीचे १६१. बहुमत आरामात. निकाल २४ ऑक्टोबरला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मुख्यमंत्रिपदाचं अर्धं अर्धं ठरलं होतं की नाही यावर भांडण, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी, २६ ला राजीनामा आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे. जिंकलेली युतीच राहिली नाही.

२०२४. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे. लोकसभेला महायुतीला ४८ पैकी १७ जागा, सहा महिन्यांत विधानसभेला तिन्ही पक्षांना २३०, छोटे मित्रपक्ष धरले तर त्याहूनही जास्त. आणि शिंदे उपमुख्यमंत्री.

म्हणजे हिशेब असा : चार वेळा सत्ताधारी आघाडी जिंकली, त्यातल्या तीन वेळा ज्या मुख्यमंत्र्याचं सरकार घेऊन मतं मागितली तो मुख्यमंत्री राहिला नाही. दोन शिंदे आणि एक फडणवीस. आपण म्हणतो "सरकार परत आलं". सरकार येतं, पण खुर्चीवरचा माणूस वेगळा असतो.

असं का होतं? याला कुणाचा तरी कावेबाजपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझ्या मते कारण साधं आहे. आपल्याकडे आघाड्या जागावाटप करतात, मुख्यमंत्रिपदाचं वाटप करत नाहीत. २८८ जागांपैकी कुणी किती लढायच्या यावर रात्र रात्र बैठका होतात. पण मुख्यमंत्री कोण, या प्रश्नाला उत्तर ठरलेलं : "निकालानंतर एकत्र बसून ठरवू." ज्याचे आमदार जास्त त्याचा मुख्यमंत्री, असा एक न लिहिलेला नियम सगळे सांगतात, पण २००४ ला तोही पाळला गेला नाही. नियम न लिहिलेला असला की प्रत्येक पक्ष दोन लढाया लढतो, एक समोरच्याशी आणि एक शेजारच्याशी. मित्रपक्षाच्या जागेवर बंडखोर उभे राहतात, त्यांना आतून कुणाची फूस असते, हे आपण दर निवडणुकीत बघतो.

इतर राज्यांकडे बघितलं तर फरक कळतो. बिहारमध्ये २०२० ला भाजप ७४ आणि नितीशकुमारांचा जदयू ४३ होता. तरी नितीशच मुख्यमंत्री झाले, कारण ते आधी जाहीर केलं होतं. केरळमध्ये २०२१ ला डावी आघाडी सलग दुसऱ्यांदा आली, तिथं मोठा भाऊ कोण हे पक्कं होतं, पिनराई विजयन यांच्याच नावावर मतं मागितली, तेच राहिले. आपल्याकडे मोठा भाऊ कोण, हे दर निवडणुकीला नव्याने मोजावं लागतं.

दुसरी गोष्ट मंत्रिपदांची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत आणलं. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३. त्याआधी नाराज आमदाराला राज्यमंत्री करून गप्प करता यायचं, जंबो मंत्रिमंडळं आपण पाहिली आहेत. आता २३० आमदारांत ४३ पदं, तीही तीन पक्षांत. त्यामुळे जागा जास्त आल्या की वाटप सोपं होतं, हा समज चुकीचा आहे. १४४ वाल्यांना सोळा दिवस लागले, १६१ वाल्यांचं जमलंच नाही, २३० वाल्यांना बारा दिवस. आकडा मोठा असण्यापेक्षा कुणाला कुणाची गरज किती, यावर आघाडी टिकते. २००४ आणि २००९ च्या आघाड्या काठावर होत्या, एकाने हात सोडला तर दोघेही बुडणार हे दोघांना माहीत होतं. म्हणून कुरकुरत का होईना, दहा वर्षं चालल्या. यावेळी भाजपला बहुमताला फक्त १३ कमी आहेत. दोन मित्रांपैकी एक जरी सोबत राहिला तरी सरकार चालतं. शिंदे आणि अजितदादा, दोघांनाही हे गणित येत होतं. बारा दिवसांचं उत्तर त्यातच आहे.

आता आपल्या भागाचं बघू. खडकवासला मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत झाला, पहिली निवडणूक २००९ ची. राज्यात सत्ताधारी आघाडी जिंकत होती आणि आपण निवडून दिले मनसेचे रमेश वांजळे. पहिल्याच अधिवेशनात अबू आझमींच्या हिंदी शपथेवरून राडा झाला आणि मनसेच्या चार आमदारांचं चार वर्षांसाठी निलंबन झालं, त्यात आपले आमदार होते. पुढे ते मागे घेतलं गेलं. जून २०११ मध्ये वांजळे गेले, पोटनिवडणुकीत भाजपचे भीमराव तापकीर आले, ते २०१४, २०१९ आणि आता २०२४ असे टिकून आहेत.

यातलं २०१९ लक्षात ठेवण्यासारखं. तापकीर राष्ट्रवादीच्या सचिन दोडकेंपेक्षा फक्त २,५९५ मतांनी पुढे राहिले. त्यांची युती राज्यात जिंकली होती. महिन्याभरात ते विरोधी बाकांवर बसले होते. जून २०२२ ला सेना फुटली तेव्हा परत सत्तेच्या बाजूला. आपण एकदाच मत दिलं, आमदार एकदाही पक्ष सोडून गेला नाही, तरी तो पाच वर्षांत अडीच वर्षं इकडे आणि अडीच वर्षं तिकडे. यावेळी तेच दोघे समोरासमोर होते आणि फरक ५२ हजारांच्या पुढे गेला. लोकसभेलाही बारामतीत सुप्रियाताई दीड लाखाने जिंकल्या तेव्हा खडकवासल्याने मात्र सुनेत्राताईंना आघाडी दिली होती. म्हणजे राज्याचा कौल सहा महिन्यांत पालटला, आपला पालटला नाही.

मग कुणी म्हणेल, मुख्यमंत्री हा असो की तो, आघाडी तीच आहे ना? आपल्याला काय फरक पडतो?

पडतो. आणि इथंच २००४ ची गोष्ट कामाला येते. निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. त्यावर मतं मागितली. आघाडी जिंकली, मुख्यमंत्री बदलला आणि पुढे तिजोरीचं कारण देत ती सवलत मागे घेतली गेली. सरकार त्याच आघाडीचं होतं. पण शब्द ज्याने दिला तो हैदराबादच्या राजभवनात होता. जाब विचारायचा कुणाला?

आता २०२४ बघा. जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज. ५ नोव्हेंबरला कोल्हापूरच्या सभेत तिन्ही नेत्यांनी मिळून दहा आश्वासनं दिली, त्यात १,५०० चे २,१०० करणं आणि शेतकऱ्यांची कर्जमाफी होती. अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी ४६ हजार कोटींचा अंदाज धरला होता. वारज्यात रामनगरपासून गणपती माथ्यापर्यंत किती घरांत हे पैसे येतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या बायकांनी हिशेब मांडलेत : मुलाची फी, गॅस, भिशी. २,१०० होणार म्हणून काहींनी पुढचाही हिशेब धरलाय. ज्या सरकारने योजना आणली त्याचा मुख्यमंत्री आता उपमुख्यमंत्री आहे. शब्द पाळला जाणार नाही असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये शब्द देणारे तिघेही सरकारात होते, हा २००४ पेक्षा मोठा फरक होता आणि तो आपल्या फायद्याचा होता. पण "ते आमच्या पक्षाचं नव्हतं" हे उत्तर उद्या कुणी देऊ नये, एवढी नोंद आपण ठेवली पाहिजे.

त्यात दोन गोष्टी अजून. विधानसभेत सगळ्यात मोठा विरोधी पक्ष २० आमदारांचा आहे. विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेप्रमाणे दहा टक्के, म्हणजे २९ लागतात. ते कुणाकडेच नाहीत. आणि पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर २०२४ मध्येही आपल्याला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. पाणी आलं नाही, कचरा उचलला नाही, महामार्गाच्या पुलाखाली तासभर अडकलो, तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा लागायचा आणि वाट बघावी लागायची. वर प्रश्न विचारणारा विरोधी पक्ष दुबळा, खाली दार ठोठवायला नगरसेवक नव्हता. मधे उरत होता एक आमदार आणि आपण.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. महायुतीची ती दहा आश्वासनं आणि आपल्या उमेदवारांनी प्रचारात वाटलेली पत्रकं रद्दीत घालू नका. फोटो काढून ठेवा. दर सहा महिन्यांनी आमदारांना सोसायटीत, मंडळात बोलवा आणि यादी समोर ठेवा. ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांनी तर आधी विचारावं, कारण हक्क त्यांचा जास्त. सरकारचा मुख्यमंत्री कोण हे आपण ठरवत नाही, राज्यघटनेतच ते आमदारांच्या पाठिंब्यावर आणि राज्यपालांच्या नेमणुकीवर सोडलंय. पण दिलेला शब्द कोणत्या खुर्चीला चिकटलाय, हे लक्षात ठेवणं आपल्या हातात आहे.

२००४ ची मोफत वीज आणि नंतरचं भारनियमन ज्यांना आठवतं, खास करून ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांनी कॉमेंटमध्ये लिहा. तेव्हा बिलावर नक्की काय आलं होतं, ते नव्या मतदारांना कळू द्या. पक्षावरून भांडण नको, माहिती द्या. पटलं तर पुढे पाठवा.