स्त्रियांना टक्कल पडत नाही : एका गृहीतकाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण वेदना आणि वेदनेचं वर्णन यांतलं अंतर पाहिलं. त्यानंतर एका श्रोत्या भगिनींची चिठ्ठी आली. त्यांनी विचारलं होतं, "केस गळतात म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले काही झालेलं नाही. मग मला रोज कंगव्यात दिसतं ते काय?" प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण मुळात तो ज्ञानाचा आहे. कोणाचं पाहणं खरं धरायचं? म्हणून आज स्त्रियांच्या केसगळतीच्या निदानाचा इतिहास घेऊ. आम्ही डॉक्टर नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं. तेव्हा औषध लिहून देण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण एखादी समजूत कुठून आली आणि ती इतकी का टिकली, हे विचारण्याचा अधिकार आमच्या विषयाला आहे.

सुरुवात ग्रीसपासून करू. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रसंग्रहात एक निरीक्षण आहे : खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. ॲरिस्टॉटलने त्यात स्त्रिया आणि मुलं यांची भर घातली आणि कारणही दिलं. मेंदू हा शरीराचा सर्वांत थंड भाग, संभोगाने शरीरातली उष्णता आणखी कमी होते, म्हणून केस जातात. स्त्रीची प्रकृती मुलासारखी, तिच्यात बीजस्राव नाही, म्हणून तिला टक्कल नाही. बघा, किती नीटस मांडणी!

आता आपल्याकडे या. सुश्रुताने केस जाण्याच्या विकारांचं वर्णन केलं आहे. पित्त वाताच्या जोडीने रोमकूपात शिरतं, केस झडतात, मग कफ आणि रक्त ती छिद्रं बुजवतात, म्हणून नवीन केस उगवत नाही. इंद्रलुप्त, खालित्य ही नावं तिथलीच. आपण बोलताना ज्याला चाई पडणं म्हणतो, त्याला आजचे वैद्य इंद्रलुप्त म्हणतात. पुढे टीकापरंपरेत विदेहाच्या नावाने एक मत येतं : स्त्रिया सुकुमार असतात, त्यांना व्यायामाचे श्रम नसतात, दर महिन्याला दुष्ट रक्त बाहेर जातं, म्हणून त्यांना खालित्य होत नाही.

दोन संस्कृती, दोन वेगळी शास्त्रं आणि निष्कर्ष मात्र एकच. यात निरीक्षण अगदीच खोटं नव्हतं, बरं का. पुरुषासारखं चकचकीत टक्कल बाईला क्वचितच पडतं. चूक पुढच्या पायरीवर झाली. 'पुरुषासारखं होत नाही' याचं 'होतच नाही' असं झालं. पुरुषाचं डोकं हीच टकलाची व्याख्या ठरली, आणि व्याख्येत न बसणारी गोष्ट समोर असूनही दिसेनाशी झाली.

ती बायकांना मात्र दिसत होती. पुरावा हवा असेल तर आपल्या भाषेतला एक शब्द घ्या : गंगावन. वेणी भरीव दिसावी म्हणून तिच्यात गुंफायचा केसांचा झुबका. हौसेसाठीही तो लावत, नाही असं नाही. पण आमच्या लहानपणी घरातल्या वयस्क बायका अंबाड्यात गंगावन घालत, तेव्हा त्यामागे हौस नव्हती. ग्रंथ म्हणत होते स्त्रियांचे केस जात नाहीत, आणि बाजारात गंगावन विकलं जात होतं.

आता विसाव्या शतकात येऊ. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की नेहमीच्या टकलासाठी पुरुषी संप्रेरक लागतं. लहानपणी वृषणं गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना ते संप्रेरक दिलं, तर घराण्यात टक्कल असणाऱ्यांचे केस जाऊ लागले. जुन्या सूत्राला प्रयोगाचा आधार मिळाला. १९५१ साली त्यांनी टकलाच्या पायऱ्यांची पट्टी तयार केली. त्यासाठी त्यांनी स्त्रियांचीही डोकी तपासली होती, पण रूढ झाली ती पुरुषांच्या कपाळावरून मागे सरकणाऱ्या केसांची पट्टी. स्त्रीला मोजायला मोजमापच नव्हतं. १९६० साली सुल्झबर्गर आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या सर्व डोक्यावर पसरलेल्या विरळपणावर लेख लिहिला, तेव्हा कारण अज्ञात असल्याचं त्यांनी नोंदवलं. आम्हाला तो प्रामाणिकपणा आवडतो. 'काही झालेलं नाही' आणि 'काय झालं ते आम्हाला कळत नाही' या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

लगेच १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट क्लिगमन यांनी एक कोडं सोडवलं. (याच क्लिगमननी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर केलेले प्रयोग हा वैद्यकीय नीतीतला काळा अध्याय आहे. त्यावर कधीतरी वेगळं बोलू.) केसाचं चक्र असतं. तो काही वर्षं वाढतो, थोडे आठवडे आवरतं घेतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि मग गळतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे स्वाभाविक. पण मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमार असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. क्लिगमननी याला टेलोजेन एफ्लुवियम हे नाव दिलं. करोनाच्या साथीनंतर अनेकांनी हे अनुभवलं. मुळं शाबूत असतात, त्यामुळे बहुतेकदा केस परत येतात.

आता ऐका. आमची आजी निरक्षर होती. ती बाळंतिणीला सांगायची, "बाळ ओळखून हसायला लागलं, की तुझे केस जातील. घाबरू नकोस, येतात परत." बाळ ओळखून हसतं केव्हा? साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर! संप्रेरकांचं ज्ञान तिला नव्हतं. कारण तिला माहीत नव्हतं, पण काळ आणि शेवट दोन्ही अचूक माहीत होते. असं ज्ञान ओट्यापाशी राहिलं, ग्रंथात गेलं नाही.

पुढचा टप्पा १९७७ चा. एरिक लुडविग या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी स्त्रियांसाठी वेगळी, तीन पायऱ्यांची पट्टी मांडली. त्यांचं म्हणणं असं : स्त्रीची कपाळावरची केसांची रेघ बहुधा तशीच राहते आणि विरळपणा तिच्या मागे, माथ्यावर पसरतो. म्हणजे समोर बसलेल्या डॉक्टरांना डोकं भरलेलं दिसतं. बाईला मात्र रुंद झालेला भांग दिसतो, पूर्वी दोन वेढे घेणारं रबर आता चार वेढे घेतं हे कळतं. दोघंही खरंच बोलत असतात, फक्त पाहण्याची जागा वेगळी असते. पुढे असंही लक्षात आलं की अशा बऱ्याच स्त्रियांच्या रक्तात पुरुषी संप्रेरकं वाढलेली नसतात. म्हणून आता 'स्त्री-नमुन्याची केसगळती' असं साधं नाव वापरतात. कारण ठाऊक नसताना नावातच कारण घालू नये, हा तर्कशास्त्राचा धडा इथे वैद्यकाने गिरवला.

इथे घरातली एक गोष्ट सांगतो. १९८० च्या दशकात आमच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे केस जाऊ लागले. त्या रोज सकाळी कंगव्यातले केस मोजून कागदाच्या पुडीत ठेवत. एकदा ती पुडी घेऊन त्या एका डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी ती उघडलीही नाही. हसून म्हणाले, "बाई, वय झालं. काळजी कमी करा." अक्कांनी घरी येऊन पुडी चुलीत टाकली आणि विषय बंद केला. डोक्यावरून पदर घ्यायला लागल्या. आम्ही तेव्हा कॉलेजात ज्ञानमीमांसा शिकवत होतो, साक्षीचं प्रामाण्य वगैरे. पण आम्हीही म्हणालो, "अक्का, डॉक्टर म्हणतात तर खरंच असेल." दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना तीन प्रश्न विचारले : थंडी जास्त वाजते का? आवाज जड झालाय का? दिवसभर थकवा असतो का? थायरॉइड फार कमी निघालं. गोळी सुरू झाली, वर्षभरात केस बरेचसे भरले. मधली दोन वर्षं मात्र त्या आजारीच होत्या, आणि ते सांगणारी पुडी आपण कोणी उघडली नाही. हे आम्हाला आजही बोचतं.

आज निदान कसं करतात? आधी ऐकून. कधीपासून? झुपक्याने की हळूहळू? तीन महिन्यांपूर्वी ताप, बाळंतपण, कडक डाएट, नवीन गोळी? पाळी नियमित आहे का, चेहऱ्यावर केस वाढलेत का? वेणी घट्ट ओढून बांधता का? मग माथा वरून पाहणं. पन्नास-साठ केसांची बट हलकेच ओढून किती हातात येतात ते पाहणं. त्वचेच्या दुर्बिणीतून जाड-बारीक केसांचं मिश्रण तपासणं. गरजेनुसार रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. तेव्हा हा तपास टाळून चालणार नाही. एक सावधगिरी : केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांनी थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो. आणि आग होत असेल, किंवा केसांची छिद्रंच बुजून त्वचा गुळगुळीत दिसत असेल, तर थांबू नका. त्या प्रकारात गेलेला केस परत येत नाही, उरलेला वाचवता येतो.

उपचाराचा इतिहास थोडक्यात. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढले, म्हणून ते डोक्याला लावायचं झालं. अमेरिकेत पुरुषांसाठी १९८८ मध्ये मान्यता मिळाली, स्त्रियांसाठी १९९१ मध्ये. सुरुवातीला गळती थोडी वाढू शकते, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, बंद केलं की फायदा ओसरतो, आणि गरोदरपणात ते वापरत नाहीत. हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या महिन्यात बाटली फेकून देते आणि दोष तिच्या चिकाटीला दिला जातो.

तर चिठ्ठी लिहिणाऱ्या भगिनींना आमचं उत्तर असं. तुम्हाला दिसतं ते खरं आहे. त्याचा अर्थ काय, ते शोधायला तज्ज्ञ लागेल. पण 'दिसतच नाही' असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, ॲरिस्टॉटललाही नव्हता. पुन्हा जाल तेव्हा जुने-नवे फोटो न्या, तारखा लिहून न्या. आणि घरातल्या पुरुषांना आमची विनंती, पुडी उघडून पाहा.

पुढच्या वेळी 'साक्ष' या विषयावर बोलू.