मेजर गिलचं वेड

रात्री आमच्या मुलुंडवरून लांब पल्ल्याच्या ज्या गाड्या धडधडत जातात, त्यातल्या कितीतरी भुसावळला थांबतात. भुसावळ म्हटलं की आपल्याला आठवतात केळी आणि रेल्वेचं जंक्शन. पण तिथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एक असा माणूस आहे, ज्याने आयुष्याची पस्तीस वर्षं भिंतीवरच्या चित्रांपायी घालवली. त्याचं नाव रॉबर्ट गिल.

मराठी माणसाला गिल माहीत असतो तो पारोमुळे. ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि त्यावर नितीन देसाईंनी काढलेला २०१२ चा सिनेमा, यांनी ती प्रेमकथा घरोघरी पोचवली. त्यातलं खरं किती, कवीचं किती, या वादात मी पडत नाही. अजिंठा गावात पारोची कबर आहे आणि तिच्यावर २३ मे १८५६ ही तारीख कोरलेली आहे, एवढं नक्की. मला मात्र त्या गोष्टीतला दुसराच भाग जास्त छळतो, जो प्रेमकथेत तोंडी लावण्यापुरता येतो. तो म्हणजे चित्रांचा.

आधी थोडा इतिहास. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघुर नदीच्या खोऱ्यात शिकारीला गेला आणि त्याला ही लेणी दिसली. (दिसल्यावर पठ्ठ्याने काय करावं? दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव कोरलं! म्हणजे ही खोड फक्त आपल्याच लोकांची नाही.) पुढे जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने धोशा लावला की ही चित्रं झडून चालली आहेत, त्यांच्या नकला करून घ्या. ईस्ट इंडिया कंपनीने ते मनावर घेतलं आणि १८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या कॅप्टन गिलला या कामावर नेमलं.

काम काय होतं ते बघा. लेण्यांत अंधार. चित्रं काढलेली माती, भुसा, गवत कालवून केलेल्या गिलाव्यावर, म्हणजे हात लागला तरी पोपडा सुटणार. आजूबाजूला जंगल, त्यात हिवताप. मुलुख निजामाचा. सुरुवातीला रेल्वेसुद्धा नव्हती, कारण आपली बोरीबंदर-ठाणे गाडीच मुळी १८५३ ची. अशा ठिकाणी हा माणूस मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात एकेक भिंत उतरवत बसला. साधारण तीस चित्रं झाली. ती लंडनला गेली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली.

३० डिसेंबर १८६६ ला क्रिस्टल पॅलेसच्या त्या भागाला आग लागली. जी चार-पाच चित्रं मांडलेली नव्हती तेवढी वाचली. बाकी सगळी खाक.

आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना अशा वेळी पहिला प्रश्न सुचतो तो बॅकअपचा. सगळ्या नकला एकाच छपराखाली ठेवल्याच का? गंमत म्हणजे इंग्रजांनी यातून काही धडा घेतला नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजींसारखी मुंबईची तरुण मंडळी तिथे राहून चित्रं उतरवत होती. ती चित्रंही लंडनला गेली, साउथ केन्सिंग्टनला. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि त्यातलीही बरीच जळाली!

असो. मूळ मुद्दा गिलचा. आमचा दोन वर्षांचा कोड एका क्लायंटने एका ईमेलमध्ये गुंडाळला, तेव्हा मी पंधरा दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. इथे वीसेक वर्षं गेली होती. वय साठीच्या पुढे, तब्येत खालावलेली. आणि गिलने काय केलं? तो पुन्हा चित्रं काढायला लागला, त्याच भिंतींसमोर.

नुसता हुकमाचा ताबेदार असता तर इथे थांबला असता. दरम्यान तो कॅमेराही शिकला होता. १८६४ मध्ये फर्ग्युसनबरोबर त्याचं लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक निघालं होतं. पण त्या काळच्या फोटोत रंग येत नसे आणि अजिंठ्याचा जीव तर रंगातच. म्हणून पुन्हा ब्रश. एप्रिल १८७९ मध्ये तो गेला, तोवर हेच चालू होतं.

या वेडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. रंग नीट दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर वार्निश चढवलं. ग्रिफिथ्सच्या चमूनेही तेच केलं. १९२० च्या सुमारास निजामाने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी वर शेलॅक फासलं. काळाबरोबर ते पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली. आपल्या पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं ते पुट काढत राहिले. इतकं प्रेम की त्याचाच थर बसावा! पण उलटही खरं आहे. गेल्या दीडशे वर्षांत भिंतीवरून जे झडून गेलं, त्यातलं काही आज फक्त या आगीतून वाचलेल्या नकलांमध्येच दिसतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्या आहेत.

मला वाटतं, गिल नक्कल करत होता ती चित्रं जपण्यासाठी, हे सरकारी उत्तर झालं. एखादी भिंत उतरवायची तर तिच्याकडे महिनोन् महिने बघावं लागतं. कॅनव्हास जळाला, पण ते बघणं काही जळालं नव्हतं. तेच त्याला परत हवं होतं.

अजिंठ्याला जाल तेव्हा लेण्यांवरूनच परत फिरू नका. दहा-बारा किलोमीटरवर अजिंठा गाव आहे, गिल राहायचा ती बारादरी तिथलीच. आणि लेण्यांत फ्लॅश मारू नका. एक भिंत निवडा आणि अर्धा तास नुसते बघत बसा. फोटो काय, नेटवर हजार मिळतील.