मंदिरपथगामिनी

गणपतराव म्हात्रे यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी असताना १८९६ मध्ये घडविलेले प्लास्टरचे शिल्प. नऊवारी नेसून, हाती पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मराठी तरुणी हा त्याचा विषय. बाँबे आर्ट सोसायटीने त्यास रौप्यपदक दिले.

या कलाशाळेत विद्यार्थ्यांना प्राचीन ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखांकन शिकवीत. त्या अभ्यासाची खूण वस्त्रात दिसते. ग्रीक देवतांच्या तलम वस्त्राप्रमाणेच येथे लुगड्याच्या चुण्या देह झाकतात आणि त्याची ठेवणही सांगतात. काष्टा आणि पदर मात्र अस्सल मराठी. असा घोळ ग्रीक शिल्पकाराला कधी हाताळावा लागला नव्हता.

भारतात शिल्प ही ललित कला म्हणून अज्ञात आहे, असे १८८० मध्ये लिहिणाऱ्या सर जॉर्ज बर्डवुड यांनीच पुढे या शिल्पाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. अर्थात, त्या प्रशंसेचा मापदंड ग्रीकच होता. रवींद्रनाथ टागोर यांनीही १८९८ मध्ये त्यावर बंगालीत लेख लिहिला.

म्हात्रे यांच्याकडे नंतर मुख्यतः व्यक्तिशिल्पांचीच कामे आली. म्हैसूर येथील चामराजेंद्र वोडेयार यांचा पुतळा त्यांचाच.