शिशाच्या गोळ्यांचे ओतकाम व अभिवाह

शिशाच्या गोळ्यांचे ओतकाम व अभिवाह : वितळलेले शिसे साच्यात ओतून बंदुकीच्या गोळ्या तयार करणे, तसेच ते शिसे शुद्ध राखण्यासाठी त्यात अल्प प्रमाणात अन्य पदार्थ टाकणे, या क्रियांचा इतिहास. ग्रीक व रोमन सैन्ये गोफणीसाठी शिशाच्या गोळ्या ओतीत. बंदुकीच्या प्रसारानंतर हे काम छावणीत व घरोघरी होऊ लागले.

शिशाचा वितळबिंदू सु. ३२७° से. असल्याने ते साध्या चुलीवरही वितळते. परंतु हवेच्या संपर्काने त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडाची करडी मळी जमते. तीत धातूचे थेंब अडकून राहतात. शिशात कथिल मिसळलेले असल्यास ते अधिक त्वरेने मळीत जाते. मळी साच्यात शिरल्यास गोळीत पोकळी राहते व ती नेम चुकविते. यावर उपाय म्हणजे अभिवाह. मेणाचा वा चरबीचा लहानसा तुकडा टाकून शिसे ढवळल्यास क्षपणकारी वायू निर्माण होतात, ऑक्साइडाचा काही भाग पुन्हा धातुरूप होतो व अडकलेले थेंब एकत्र येतात. उरलेली राख पळीने काढतात. राळ व लाकडाचा कोरडा भुसा यांचाही असाच उपयोग होतो. कल्हईसाठी वापरला जाणारा नवसागर हाही अभिवाहच. मात्र त्याचा धूर गुदमरविणारा असतो. टाकणखार सु. ७४०° से. पर्यंत वितळत नसल्याने शिशाच्या भांड्यात तो फारसा उपयोगी पडत नाही.

घरगुती ओतकामाचे लष्करी महत्त्व अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात दिसून आले. वसाहतींत शिशाची टंचाई होती. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्क येथील जमावाने तिसऱ्या जॉर्जचा १७७० मध्ये उभारलेला, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा अश्वारूढ पुतळा पाडला. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड येथे ऑलिव्हर वुल्कट यांच्या घरी नेण्यात आले. तेथे त्यांच्या कुटुंबातील मुलांनी व शेजारच्या स्त्रियांनी ४२,०८८ काडतुसे तयार केली. ज्या राजाच्या सत्तेचे ते प्रतीक होते, त्याच्याच सैन्यावर ते शिसे उलटले.

या कामाची किंमत मात्र ते करणाऱ्यांच्या आरोग्याला मोजावी लागते. मळीची बारीक धूळ श्वासावाटे वा हातांवाटे पोटात गेल्यास शिसे शरीरात साचते. लहान मुलांना त्याची बाधा अधिक होते. शिशाच्या विषारीपणाबद्दल बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७८६ च्या एका पत्रात छापखान्यातील आपल्या अनुभवाच्या आधारे लिहिले होते. दुसरा धोका ओलाव्याचा : वितळलेल्या शिशात पाण्याचा अंश गेल्यास त्याची क्षणार्धात वाफ होऊन धातू उसळतो. म्हणून भुसा पूर्ण कोरडा असावा लागतो.

ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी १७८२ मध्ये उंचावरून वितळलेले शिसे पाण्यात पाडून छर्रे बनविण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील दाबयंत्रांनी गोळ्या तयार होऊ लागल्यावर घरगुती ओतकामाचे लष्करी महत्त्व संपले. पुढे ते मुख्यतः शिकारी व नेमबाज यांच्यापुरते उरले, तरी मेण व भुसा हे अभिवाह त्यांच्या वापरात टिकून राहिले.