प्रतिजैविकाची पहिली मात्रा देताना
पेनिसिलिन गटातील प्रतिजैविक शिरेतून देण्यापूर्वी परिचारिकेने रुग्णास पूर्वी कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी झाली होती का, हे विचारून केसपेपरवर नोंदवावे. कल्चरसाठी रक्ताचा नमुना पहिल्या मात्रेआधी घ्यावा. नंतर घेतल्यास जंतू सापडण्याची शक्यता घटते. मात्र गंभीर जंतुसंसर्गात त्यासाठी औषधास विलंब होऊ देऊ नये.

त्वचेवरील चाचणीत काही न आढळले तरी तीव्र प्रतिक्रिया संभवते. ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच उद्भवत असल्याने परिचारिकेने रुग्णाजवळ थांबणे आवश्यक असते. अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसताच औषध तत्काळ बंद करून डॉक्टरांना बोलवावे. अ‍ॅड्रेनालिन हाताशी असावे. प्रौढांस ते ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील स्नायूत दिले जाते. येथे विलंब प्राणघातक ठरू शकतो.